मिरियम मकेबा: गाणं, हद्दपारी आणि वर्णभेदाविरुद्धचा लढा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरियम मकेबा यांच्याबद्दल वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. जी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिरियम मकेबा कोण, हे थोडक्यात सांगाल का?

दक्षिण आफ्रिकेच्या गायिका. जन्म ४ मार्च १९३२, जोहान्सबर्गजवळच्या प्रॉस्पेक्ट या काळ्यांच्या वस्तीतला. वडील कॅसवेल खोसा जमातीचे, शिक्षक. मिरियम लहान असतानाच ते वारले. आई क्रिस्टिना स्वाझी. ती गोऱ्यांच्या घरी कामाला जाई आणि सांगोमाही होती, म्हणजे पूर्वजांशी संवाद साधून रोगनिदान करणारी वैदू. प्रिटोरियाच्या किल्नर्टन या मेथडिस्ट शाळेच्या गायकवृंदात मिरियम यांचा गळा तयार झाला. १९५९ मध्ये त्यांनी देश सोडला, १९६० मध्ये परतीची वाट बंद झाली आणि ती उघडायला १९९० साल उजाडलं. मधल्या काळात जगभरच्या श्रोत्यांना वर्णभेदी राजवटीची ओळख झाली, ती मोठ्या प्रमाणात त्यांच्या आवाजातून. 'मामा आफ्रिका' हे नाव त्यांना लोकांनी दिलं.

२. 'झेन्झिले' हे त्यांचंच नाव का? अर्थ काय?

हो, जन्मनाव झेन्झिले. ते 'उझेन्झिले' या शब्दावरून आलं. अर्थ साधारण 'तुझं तूच ओढवून घेतलंस'. बाळंतपण अवघड होतं आणि मिरियमची आजी लेकीच्या उशाशी बसून हेच पुटपुटत होती, असं मकेबा सांगत.

३. त्या तुरुंगात जन्मल्या असं वाचलं. खरं आहे का?

तुरुंगात जन्मल्या नाहीत, पण आयुष्याचे पहिले सहा महिने तुरुंगात गेले. मिरियम अठरा दिवसांची होती तेव्हा पोलिसांनी तिच्या आईला पकडलं. गुन्हा एवढाच, की तिने उमकोंबोथी गाळून विकली. दंड किरकोळ होता, पण तेवढेही पैसे घरात नव्हते. म्हणून सहा महिन्यांची कैद झाली आणि अंगावरचं मूल आईबरोबर आत गेलं.

उमकोंबोथी म्हणजे घरगुती बिअर. मक्याचं पीठ आणि मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात कालवून रात्रभर आंबत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी शिजवून गार करायचं, त्यात पुन्हा मोडाच्या ज्वारीचं पीठ घालायचं, आणि फेस चढला की गाळायचं. तीनेक दिवसांचं काम. ज्यांच्या घरी ज्वारीची आंबील होते, त्यांना या भांड्यावरचा आंबूस वास अगदी परका वाटणार नाही.

मग यात गुन्हा कसला? शहरात बायकांनी बिअर गाळायला मनाई होती, कारण अनेक नगरपालिकांनी बिअरविक्रीची मक्तेदारी स्वतःकडे घेतली होती. काळ्या कामगाराने पालिकेच्या बिअर हॉलमध्येच प्यावं आणि त्या उत्पन्नातून काळ्यांच्या वस्त्यांचा कारभार चालावा, असा तो हिशेब. बाटलीबंद दारू विकत घ्यायला तर काळ्यांना १९६२ पर्यंत कायद्यानेच बंदी होती. मोलकरणीच्या पगारात घर चालत नाही, तेव्हा बायका चोरून बिअर गाळत. पिंपं अंगणात खड्डा खणून पुरत आणि वर माती सारखी करून ठेवत. धाड पडली की पोलीस लोखंडी सळया जमिनीत खुपसून ती शोधत. हे चित्र डोक्यात ठेवा. ते ११व्या प्रश्नात पुन्हा येणार आहे.

४. वर्णभेदाचा गायकांना प्रत्यक्षात काय त्रास होता?

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९५० मध्ये दोन कायदे झाले: एकाने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद केली, दुसऱ्याने कोणत्या वंशाने कुठे राहायचं ते ठरवलं. काळ्या माणसाला सतत पास बाळगावा लागे, आणि रात्रीची संचारबंदी सुरू झाली की शहरात थांबायला वेगळा परवाना लागे. आता गायकाचं काम रात्रीचं. कार्यक्रम संपवून घरी निघालेली गाडी अडवली गेली आणि एकाचा कागद कमी पडला, की अख्खी मंडळी चौकीत. गोऱ्यांच्या सभागृहात गायला चालत असे, समोरच्या खुर्चीवर बसायला नाही.

शिवाय गाणं जिथे रुजलं होतं ती जागाच गेली. सोफियाटाउन ही जोहान्सबर्गमधली संगीताची, लेखकांची आणि शेबीनची, म्हणजे चोरट्या गुत्त्यांची वस्ती. ९ फेब्रुवारी १९५५ रोजी सशस्त्र पोलिसांच्या पहाऱ्यात तिथली घरं रिकामी करायला सुरुवात झाली. लोकांना ट्रकमध्ये सामानासकट भरून दूर मेडोलँड्सला नेऊन सोडलं. त्या जागेवर गोऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या वसाहतीचं नाव ठेवलं 'ट्रिओम्फ', अर्थात 'विजय'.

५. मकेबांना जॅझ गायिका म्हणायचं, की लोकगीत गायिका, की 'वर्ल्ड म्युझिक'?

आमच्या मते जॅझ गायिका, फक्त जॅझ जोहान्सबर्गचा. तिथल्या वस्त्यांमध्ये मराबी नावाचं, तीन-चार स्वरसंघातांच्या आवर्तनावर रात्रभर चालणारं नाचाचं संगीत होतं. त्यात अमेरिकी स्विंग, म्हणजे नाचाचा जॅझ, मिसळलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मकेबा ज्या 'मॅनहॅटन ब्रदर्स'मध्ये दाखल झाल्या, ते चौघं अमेरिकी चौकडींच्या धर्तीवर गात, पण खोसा आणि झुलू भाषेत. पुढे 'स्कायलार्क्स' हा बायकांचा संच झाला. त्यात मकेबांबरोबर अबिगेल कुबेका, मेरी राबोतापी अशा गायिका होत्या. चार आवाज एकमेकांना इतके लगटून चालतात, की मुख्य आवाज कोणाचा हे शोधावं लागतं. या संचाची ध्वनिमुद्रणं नक्की ऐका.

अमेरिकेत गेल्यावर रेकॉर्ड कंपनीने त्यांना 'फोक'च्या खणात बसवलं. अमेरिकी गायक हॅरी बेलाफोंटे यांच्यासोबतच्या अल्बमला १९६६ मध्ये मिळालेला ग्रॅमी त्याच विभागातला. ऐंशीच्या दशकात दुकानांनी 'वर्ल्ड म्युझिक' हा नवा खण काढला आणि त्यांना तिकडे हलवलं. गाणारी तीच होती. पाट्या विकणाऱ्यांनी बदलल्या.

६. त्यांचं अमेरिकेत गाजलेलं पहिलं गाणं प्रेमगीत होतं. त्यात राजकारण कुठून आलं?

हा प्रश्न बहुतेक जण चुकीच्या टोकाने धरतात. १९५६ चं 'लव्हली लाइज' हे गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेलेलं दक्षिण आफ्रिकेचं पहिलं गाणं. इंग्रजीत ते प्रियकराच्या गोड थापांचं, निरुपद्रवी गाणं आहे. पण चाल मॅकाय दाव्हाशे यांच्या 'लाकु त्शोनी इलांगा' या खोसा गाण्याची. मूळ गाण्यात सूर्य मावळतो आहे आणि माणूस घरी न परतलेल्या आपल्या माणसाला शोधायला निघालाय. शोधतो कुठे? इस्पितळांत आणि तुरुंगांत.

जोहान्सबर्गच्या काळ्या वस्तीत संध्याकाळी कोणी घरी आलं नाही, तर घरचे याच दोन ठिकाणी जात. मूळ गाण्यात कुठल्या मंत्र्याचं नाव नाही, घोषणा नाही. इंग्रजी शब्द चढवताना नेमके इस्पितळ आणि तुरुंग गळाले. मकेबांचं गाणं राजकीय कसं, याचं उत्तर आम्हाला इथे सर्वात स्पष्ट दिसतं. आपण राजकारण गात नाही, खरं तेच गातो, असं त्या कायम म्हणत. ज्या देशात संध्याकाळी घरी न येणं हा पोलिसांचा विषय असतो, तिथे विरहगीतसुद्धा साक्ष ठरतं.

७. त्या देशाबाहेर गेल्या कशा? पळून गेल्या का?

पळून नाही, पासपोर्टवर. लायनेल रोगोसिन या अमेरिकी दिग्दर्शकाने जोहान्सबर्गमध्ये 'कम बॅक, आफ्रिका' हा चित्रपट गुपचूप चित्रित केला. अधिकाऱ्यांना त्याने सांगितलं होतं, की आफ्रिकी संगीतावर हलकाफुलका माहितीपट करतोय. मकेबा त्यात काही मिनिटंच दिसतात. एका शेबीनमध्ये येतात, दोन गाणी म्हणतात. तेवढ्यावर १९५९ च्या व्हेनिस महोत्सवाचं दार उघडलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत 'किंग काँग' हे संगीतनाटक विट्स विद्यापीठाच्या सभागृहात सुरू झालं. इझेकिएल दलामिनी या मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यावरचं नाटक, संगीत टॉड मात्शिकिझा यांचं. मकेबा शेबीनच्या मालकिणीच्या भूमिकेत होत्या. विद्यापीठाची जागा निवडण्यामागे कारण होतं: काळे-गोरे प्रेक्षक एकत्र बसू शकतील अशा फार थोड्या जागा तेव्हा उरल्या होत्या.

व्हेनिसहून लंडन. तिथे हॅरी बेलाफोंटे भेटले आणि अमेरिकेचा प्रवेश त्यांच्यामुळे सुकर झाला. ३० नोव्हेंबर १९५९ रोजी स्टीव्ह ॲलन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाणं आणि मग न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबात बैठका.

८. त्यांचा पासपोर्ट रद्द झाला की नागरिकत्व? दोन्ही वाचायला मिळतं.

दोन्ही, पण तीन वर्षांच्या अंतराने. लिहिताना इथेच सर्वाधिक चुका होतात.

१९६०: २१ मार्चला शार्पव्हिलमध्ये पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मारली. मकेबांचे नातलगही त्यात गेले. त्याच वर्षी आई वारली. अंत्यविधीला जायला निघाल्या तेव्हा कळलं, की पासपोर्ट रद्द झालाय. आईची माती त्यांना मिळाली नाही. मुलगी बोंगी मागे राहिली होती, तिला अमेरिकेत आणवून घेतलं.

१९६३: संयुक्त राष्ट्रांत साक्ष दिल्यावर (प्रश्न ९) नागरिकत्व काढून घेतलं आणि त्यांच्या रेकॉर्डवर देशात बंदी आली.

म्हणून '१९६३ मध्ये हद्दपार' असं लिहू नका. घराचं दार त्याआधीच बंद झालं होतं.

९. संयुक्त राष्ट्रांत त्या काय बोलल्या? आणि भारताचा त्याच्याशी संबंध आहे का?

१६ जुलै १९६३ रोजी त्या वर्णभेदविषयक विशेष समितीपुढे बोलल्या. त्या तेव्हा ३१ वर्षांच्या होत्या. पंतप्रधान फर्व्हुर्ट यांच्या सरकारने सगळा देश म्हणजे एक मोठा तुरुंग करून टाकलाय, हे त्यांनी सांगितलं. तिथे जाणारी शस्त्रं उद्या बायकामुलांवर चालतील, म्हणून ती आत्ताच थांबवा, बहिष्कार घाला, अशी मागणी केली. आमच्या जागी तुम्ही असता तर गप्प बसला असता का, हा सवालही त्यांनी समोरच्यांना केला. तीनच आठवड्यांनी, ७ ऑगस्टला, सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिकेला शस्त्रं विकू नका असं आवाहन केलं. त्याचं श्रेय एका साक्षीला देता येणार नाही, आफ्रिकी देशांचा रेटा मोठा होता. शिवाय ते आवाहन ऐच्छिक होतं. सक्तीची शस्त्रबंदी यायला ४ नोव्हेंबर १९७७ पर्यंत थांबावं लागलं.

भारताचा संबंध थेट आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न १९४६ मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत नेला. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत हा पहिला देश. आणि मकेबा ज्या समितीपुढे उभ्या राहिल्या, तिचे प्रधान सचिव होते इ. एस. रेड्डी, भारतीयच. अध्यक्ष होते गिनीचे डियालो तेली. हे नाव १४व्या प्रश्नासाठी लक्षात ठेवा.

१०. 'पाता पाता' हे निषेधाचं गाणं आहे का?

नाही. 'पाता' म्हणजे स्पर्श. पाता पाता हा जोहान्सबर्गच्या वस्त्यांमधल्या एका नाचाचा प्रकार आणि गाणं त्या नाचाचं. मकेबांनी ते पन्नासच्या दशकात मायदेशीच मुद्रित केलं होतं. जगाला माहीत आहे ती १९६७ ची अमेरिकी आवृत्ती, जी बिलबोर्ड यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. दोन्हींतला फरक चटकन ओळखता येतो: १९६७ च्या आवृत्तीत मध्येच त्या इंग्रजीत बोलून हा नाच कुठला ते समजावतात.

आपलं सर्वांत कमी अर्थ असलेलं गाणं सर्वांत गाजावं, याची त्यांना खंत होती आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली. तरी प्रत्येक मैफलीत फर्माईश त्याचीच यायची, आणि त्या गात.

११. मग निषेधाची गाणी कोणती? नावं आणि अर्थ द्या.

चार देतो. क्रम आमचा.

'खावुलेझा'. गायिका डोरोथी मसुका यांचं गाणं. अर्थ 'लवकर कर'. रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांना पोलिसांची गाडी वळणावर दिसते आणि ती घरात दारू गाळणाऱ्या आयांना ओरडून सावध करतात: आई, घाई कर, पकडतील तुला. पोरांच्या ओरडण्यातला ताण मकेबा वरच्या पट्टीत नेत नाहीत. आवाज दाबून, श्वासाला लागून गातात, हाक मारायची पण पोलिसांना ऐकू जाता कामा नये अशी. प्रश्न ३ वाचून हे ऐका. अठरा दिवसांची असताना जिच्या आईला कुणी वेळेवर हाक मारली नव्हती, ती मुलगी हे गातेय.

'न्डोडेम्न्यामा'. रचना व्हुयिसिले मिनी यांची. पोर्ट एलिझाबेथचे कामगार पुढारी. पंतप्रधान फर्व्हुर्टना थेट बजावणं: सांभाळ, काळा माणूस येतोय. चाल इतकी खेळकर, की शब्द न कळणाऱ्याला लग्नातलं वाटावं. ६ नोव्हेंबर १९६४ रोजी मिनींना प्रिटोरियात फाशी दिली. पुढच्याच वर्षी मकेबा आणि बेलाफोंटे यांच्या अल्बमवर हे गाणं आलं. (त्या अल्बमबद्दल एक खुलासा: नाव दोघांचं असलं तरी दोघं एकत्र गातात ती गाणी दोनच. बाकी प्रत्येकाची स्वतंत्र.)

'सोवेटो ब्लूज'. दक्षिण आफ्रिकेचे ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला यांनी लिहिलेलं, १९७७ चं. १६ जून १९७६ रोजी आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याच्या सक्तीविरुद्ध जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. यात मकेबांचा आवाज पूर्ण मोकळा सुटतो. त्यांच्या जॅझ अंगाबद्दल शंका असेल तर हेच लावा.

'आ लुटा कोन्तिनुआ'. मुलगी बोंगी हिने लिहिलेलं. पोर्तुगीजमध्ये 'लढा चालू आहे'. ही मोझांबिकच्या फ्रेलिमो या स्वातंत्र्यचळवळीची घोषणा. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला, तेव्हाच्या सोहळ्यात मकेबा गायल्या. गोव्याच्या वाचकांसाठी एक धागा: फ्रेलिमोच्या वर्तुळातले विचारवंत आक्विनो द ब्रागांसा मूळ गोव्याचे. १९८६ मध्ये मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांच्यासोबत विमान अपघातात ते गेले.

१२. 'क्लिक साँग'मधला तो टक-टक आवाज कसा काढायचा?

गाण्याचं नाव 'कोङ्कोथ्वाने'. देवनागरीत असंच लिहावं लागतं, पण दोन्ही 'को'मधला 'क' खोटा आहे. खोसा भाषेत तीन मूळ क्लिक ध्वनी आहेत आणि तिन्ही आपण बोलण्याबाहेर वापरतो:

पहिला दंत्य: जिभेचं टोक वरच्या दातांमागे लावून ओढायचं. वाईट वाटलं की आपण चुकचुकतो, तोच. दुसरा जिभेच्या कडेचा: जनावर हाकताना गालाच्या बाजूने निघतो तो. तिसरा टाळूचा: बाटलीचं बूच निघाल्यासारखा 'टॉक'. या गाण्यात तिसराच लागतो.

कृती अशी. जिभेचं पान टाळूला पूर्ण चिकटवा. जिभेचा मागचा भाग 'क' म्हणताना टेकतो तिथे टेकवा. मधली हवा ओढून घ्या आणि जीभ झटकन खाली सोडा. 'टॉक' येईल. आता त्याला 'ओ' जोडा. बहुतेक जण इथे चुकतात: आधी 'टॉक', मग थांबून 'ओ' म्हणतात. क्लिक हे व्यंजन आहे. 'को'मध्ये 'क' आणि 'ओ' यांच्यात आपण थांबतो का? दुसरा क्लिक 'ङ्'मधून, नाकात गुणगुणत काढायचा. शेवटचं 'थ' मात्र मराठी माणसाला फुकट मिळतं, कारण श्वास सोडून उच्चारलेला 'त' म्हणजेच आपला 'थ'. उपान्त्य 'थ्वा' लांबवा.

अर्थ: कोङ्कोथ्वाने हा पोट जमिनीवर आपटून टक-टक करणारा भुंगेरा. त्याला वाटा दाखवणारा वैदू मानतात. लग्नात म्हणतात ते गाणं. मकेबा मैफलीत सांगत, की गोऱ्यांना नाव उच्चारता येत नाही म्हणून ते याला क्लिक साँग म्हणतात. तो आवाज गमतीसाठी काढलेला नाही, ती माझी भाषा आहे, हे त्या दर वेळी समजावत.

१३. अमेरिकेने त्यांच्यावर बंदी घातली होती का?

१९६८ मध्ये त्यांनी स्टोकली कार्मायकल यांच्याशी लग्न केलं. 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा १९६६ मध्ये लोकांच्या तोंडी रुजवणारे हेच, आणि ब्लॅक पँथर पक्षाने त्यांना मानाचं पद दिलं होतं. लग्नाची बातमी फुटली आणि ठरलेले कार्यक्रम रद्द होऊ लागले. गाण्यात एक अक्षर बदललं नव्हतं. सरकारी यंत्रणांची पाळत लागली. दोघं बहामात असताना मकेबांना अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला. म्हणजे कामावरची बंदी बाजाराने घातली आणि दार सरकारने लावलं.

मराठी वाचकाला 'पँथर' हा शब्द परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी उभारलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते याच अमेरिकी चळवळीवरून.

१४. गिनीच्या हुकूमशहाच्या आश्रयाला त्या का गेल्या? हे खटकतं.

खटकायलाच हवं. अमेरिकेबाहेर पडल्यावर त्यांना घर दिलं ते गिनीने. अध्यक्ष सेकू तूरे यांनी १९५८ मध्ये फ्रान्सला नकार देऊन स्वातंत्र्य घेतलेलं. आफ्रिकाभर त्यांच्याबद्दल आदर होता. सरकार वाद्यवृंदांना पगार देई, 'सिलिफोन' ही सरकारी रेकॉर्ड कंपनी होती. देश नसलेल्या गायिकेला देश, वादक आणि राजनैतिक पासपोर्ट मिळाला. सुमारे पंधरा वर्षं त्या तिथे होत्या. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलल्या त्या गिनीच्या प्रतिनिधी म्हणून.

त्याच देशात, राजधानी कोनाक्रीमध्ये, काम्प बॉइरो हा तुरुंग होता. १९६३ मध्ये ज्यांच्या अध्यक्षतेखाली मकेबांनी साक्ष दिली होती, ते डियालो तेली १९७६ मध्ये तिथे डांबले गेले आणि १९७७ मध्ये अन्नपाण्यावाचून मेले. मकेबांनी तूरेंच्या स्तुतीचं गाणं गायलंय, आणि आत्मचरित्रातही तूरेंबद्दल त्यांचा सूर कृतज्ञतेचाच आहे.

त्यांचं काम आम्हाला मोलाचं वाटतं म्हणूनच हे झाकून ठेवत नाही. आसरा देणाऱ्याविरुद्ध बोलणं निर्वासिताला किती अवघड असतं हे समजू शकतं. तेलींच्या बाबतीतलं मौन तरीही मौनच राहतं.

१५. पॉल सायमनच्या दौऱ्यात गाऊन त्यांनी बहिष्कार मोडला नाही का?

सांस्कृतिक बहिष्कार दक्षिण आफ्रिकेत जाऊन कार्यक्रम करण्यावर होता. १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तसा ठराव केला. अमेरिकी गायक सायमन यांनी 'ग्रेसलँड' या अल्बमचं काही मुद्रण जोहान्सबर्गमध्ये, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला न विचारता केलं, वाद त्यावर होता. मकेबा आणि मासेकेला सामील झाले ते १९८७ च्या दौऱ्यात, आणि तो दक्षिण आफ्रिकेत गेलाच नाही. जवळात जवळचा कार्यक्रम झिंबाब्वेतल्या हरारेत झाला. म्हणून तांत्रिकदृष्ट्या त्यांनी बहिष्कार मोडला नाही. लंडनमध्ये निदर्शनं मात्र झाली. बहिष्कार ज्यांच्यासाठी, त्याच वादकांचा आवाज त्याने कोंडायचा का, हा मकेबांच्या बाजूचा मुद्दा आम्हाला पटतो.

१६. त्यांचा एक नवरा भारतीय होता म्हणतात?

भारतीय वंशाचा दक्षिण आफ्रिकी. गायक सनी पिल्ले. १९५९ चं लग्न, काही महिन्यांतच संपलं. एकूण लग्नं पाच. ह्यू मासेकेलांशी १९६४ ते १९६६. मैत्री आणि एकत्र गाणं पुढेही टिकलं. बोंगी पहिल्या लग्नातली. १९८५ मध्ये ती गेली, गिनीत तिला पुरलं. पैसे, पासपोर्ट, नवरे येत-जात राहिले, पण या दुःखातून त्या सावरल्या नाहीत असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. त्यानंतर त्या ब्रसेल्सला राहायला गेल्या.

१७. परत केव्हा आणि कोणत्या पासपोर्टवर आल्या?

१० जून १९९०, फ्रेंच पासपोर्टवर. नेल्सन मंडेला ११ फेब्रुवारीला सुटले होते आणि त्यांनीच परत येण्याचा आग्रह धरला. स्वतःच्या देशात राहायला मिळाला सहा दिवसांचा व्हिसा. मायदेशात जाहीर मैफल झाली १९९१ मध्ये.

१८. ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'पाता पाता'पासून नको. आधी स्कायलार्क्सची पन्नासच्या दशकातली गाणी, मग १९६० चा 'मिरियम मकेबा' हा अल्बम, मग १९६५ चा बेलाफोंटे यांच्यासोबतचा. १९८८ चा 'सांगोमा' त्यानंतर: आईकडून ऐकलेली जुनी गाणी, जवळपास नुसत्या आवाजांवर. संकलनं घेताना मुद्रणाचं वर्ष बघा. एकच गाणं तीन-चार दशकांत पुन्हा गायलेलं असतं आणि वेष्टणावर अनेकदा वर्ष नसतं. 'खावुलेझा'ची जुनी आवृत्तीच शोधा.

१९. मृत्यूची तारीख ९ नोव्हेंबर की १०? आणि शेवटचा कार्यक्रम कशासाठी होता?

कार्यक्रम ९ नोव्हेंबर २००८ च्या रात्री होता. तो संपल्यावर त्या कोसळल्या, जवळच्या रुग्णालयात नेलं. मध्यरात्रीच्या अलीकडची-पलीकडची वेळ असल्याने दोन्ही तारखा छापल्या जातात. वय ७६.

जागा होती इटलीत नेपल्सच्या उत्तरेला कास्तेल व्होल्तुर्नो. तिथल्या माफियाविरुद्ध लिहिल्याने जिवावर बेतलेल्या लेखक रोबेर्तो साव्हियानो यांच्या पाठिंब्यासाठी कार्यक्रम होता, म्हणून बहुतेक ठिकाणी तो 'माफियाविरोधी' म्हणून नोंदलेला असतो. पण त्याच गावात १८ सप्टेंबरला सहा आफ्रिकी स्थलांतरितांना गोळ्या घालून मारलं होतं, आणि त्या गावात गाण्यामागे हेही कारण होतं. साधारण अर्धा तास त्या गायल्या. शेवटचं गाणं 'पाता पाता' होतं. त्या गाण्याबद्दल त्यांना काय वाटे, ते प्रश्न १० मध्ये आहे.